दोन बेरजांमधली बाई

सकाळी ६.३०. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं झाडणं ऊन चढायच्या आत उरकतं. मी डेटा सायन्स शिकवते हे झाडणाऱ्या ताईंना ठाऊक आहे. महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, बाथरूमले गेली तं साहेबाले दिसते का जी?" ठिकाण दिसतं, कारण दिसत नाही, असं मी सांगितलं. "मंग तं अजूनच वाईट," त्या म्हणाल्या.

९.४५. मस्टरवर सही. दहा मिनिटं उशीर झाला तरी मला कोणी हटकत नाही.

१०.३०. आजचा तास कोर्टाच्या खटल्यावर. अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. कंपनीने १९६४ पूर्वी एकाही कृष्णवर्णीय बाईला घेतलं नव्हतं. पुढे मंदीत 'शेवटी आलेले आधी बाहेर' या नियमाने उशिरा घेतलेल्या याच बायका घरी गेल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत, मग स्त्रियांशी भेदभाव कसला? वंशाचा मुद्दा वेगळा मांडा, दोन्ही एकत्र करून चालणार नाही. बायका होत्या, पण ऑफिसात आणि गोऱ्या. मी मनाचेच आकडे घेऊन फळ्यावर चार खणांचा तक्ता काढला: गोरे-कृष्णवर्णीय, बायका-पुरुष. भेदभाव दिसत असेल तर हात वर करा, म्हटलं. बहुतेकांनी बेरजा तपासल्या आणि हात खाली केले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, टोटल दोन्हीकडे बरोबर आहे, पण एका खणात शून्य आहे ना." किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ च्या लेखात हाच खटला घेऊन छेदनबिंदूची (इंटरसेक्शनॅलिटीची) कल्पना मांडली.

१२.३०. डबा, मग ग्रंथालय. त्याच १९८९ साली मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या बायकांवरचं पुस्तक आलं. माझ्या विषयाच्या वाचनयाद्यांत क्रेनशॉ यांचा लेख सगळीकडे असतो, हे पुस्तक कुठेच नसतं; हे मला योगायोगाचं वाटत नाही. जुलै १९४२ मध्ये आमच्या नागपुरातच, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क मागितला, तसंच गिरण्या, बिडी कारखाने आणि नगरपालिकांत राबणाऱ्या बायकांसाठी रजा आणि पेन्शन मागितली. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच नेमावी, असाही ठराव होता. देखरेख कोणाची, हा प्रश्न या शहरात घड्याळापेक्षा बराच जुना आहे.

२.००. प्रॅक्टिकल. सफाई कामगारांच्या हजेरीच्या फाइलीत कोणते रकाने हवेत ते लिहा, असं सांगितलं. बीट (नेमून दिलेला भाग), येण्याची वेळ, जाण्याची वेळ, चाललेलं अंतर: पाच मिनिटांत झालं. मग विचारलं, बीटपासून शौचालय किती लांब? माणूस कायम की ऐवजदार, म्हणजे बदली? नोकरी कोणाच्या जागेवर लागली? लाड-पागे समितीच्या शिफारशींपासून सफाईची नोकरी वारसाला मिळते, हे निम्म्या वर्गाला नवीन होतं. निम्म्याला घरातून माहीत होतं, आणि तो निम्मा वर्ग तेव्हा पहिल्यांदा बोलायला लागला. एकीने शंका काढली: जात लिहिली तर यादी होईल, नाही लिहिली तर शून्य दिसणार नाही, मग लिहायचं काय? मी म्हटलं, फाइल कोणाच्या हातात राहणार ते आधी ठरवा. तिचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालेलं नाही.

४.३०. विभागाची बैठक. आकडे तटस्थ असतात, असं एक सर म्हणाले. मी २०१८ चा जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांचा अभ्यास सांगितला: चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत जास्तीत जास्त ०.८ टक्के चुकल्या, सावळ्या-काळ्या बायकांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सर म्हणाले, मग डेटा वाढवा. म्हणजे आणखी चेहरे गोळा करा! कोणाचे, ते सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

रात्री ९.००. पेपर काढते आहे. चार खणांचा तक्ता, गुण ८. तपासणाऱ्यासाठी सूचना लिहिली: दोन्ही बेरजा बरोबर काढून थांबणाऱ्याला ४.