पाच वर्षांची रेघ आणि बापाचा हक्क

मूल पाच वर्षांचे होईपर्यंत आईचे आणि त्यानंतर बापाचे, हा हिशेब कोर्टाची पायरी चढण्याआधीच दोन्हीकडच्या घरांत मांडून झालेला असतो. त्याला आधार दिला जातो तो हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधील कलम ६ चा. या कलमात वडिलांना नैसर्गिक पालक म्हटले आहे, आणि पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असेही म्हटले आहे. मात्र पाच वर्षे पूर्ण होताच ताबा आपोआप वडिलांकडे जातो, असे त्यात कुठेही नाही. वडिलांच्या हयातीत आई पालक होऊच शकत नाही, हा जुना अर्थही सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात मोडीत काढला. याच कायद्याचे कलम १३ मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. ताब्याच्या वादात आईबापांपैकी कोणाचा हक्क मोठा हे न्यायालय ठरवत नाही. मूल कोणाकडे नीट वाढेल एवढे पाहते.

मग निकाल आईच्याच बाजूने का लागतात, असा आक्षेप येतो, आणि तो निराधार नाही. तान्ह्या मुलाच्या बाबतीत कायद्याचा कल उघड आहे. गोव्यातून आलेल्या रोक्सान शर्मा खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते. ती नालायक आहे हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर असते. पुढच्या वयात मात्र पारडे कायद्यापेक्षा घरातल्या कामाच्या वाटणीने झुकते. डबा, दवाखाना, पालकसभा हे सारे वर्षानुवर्षे एकटी आई पाहत असेल, तर न्यायाधीशापुढे तोच पुरावा येतो. जिथे वडिलांनी हे केले आहे, तिथे चित्र बदलते. मौसमी मोईत्रा गांगुली खटल्यात (२००८) मुलगा वडिलांकडेच राहिला. त्याची स्वतःची इच्छाही विचारात घेतली गेली. तेजस्विनी गौड खटल्यात (२०१९) आईच्या मृत्यूनंतर मावशी-मामाकडे असलेली लहान मुलगी मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांकडे सोपवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

माझ्या मते बापाचे खरे नुकसान कलमांपेक्षा विलंबाने होते. वर्षभर भेट झाली नाही की मूल बुजते, आणि मग ते बुजणेच ‘मुलाला वडील नको आहेत’ याचा पुरावा बनते. म्हणून पूर्ण ताब्यासाठी हट्ट धरून बसण्यापेक्षा पहिल्याच तारखांना अंतरिम भेटीचा अर्ज करणे शहाणपणाचे. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क मानला आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलसारख्या संपर्कावर भर दिला. बापाने इथे आपला हक्क मागण्याऐवजी मुलाचा हक्क पुढे करावा, त्याचे वजन अधिक पडते. ‘भेटू देत नाही ना, मग पोटगी बंद’ हा पवित्रा तर सर्वांत घातक. मुलाचा खर्च भेटीचे शुल्क नाही. भेट अडवली तर त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, आणि थकवलेली पोटगी त्या अर्जाला दुबळे करते. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालचे आदेश परिस्थितीनुसार बदलून घेता येतात. पहिला निकाल प्रतिकूल गेला म्हणजे दार बंद झाले असे नाही.

मुलाचा वेळ सरळ निम्मा-निम्मा का वाटू नये, असेही विचारले जाते. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण एक पर्याय म्हणून. सर्वांना सक्तीचा नियम म्हणून नव्हे. ते योग्यच होते. एक घर ठाण्यात आणि दुसरे नागपुरात असेल, तर समान वाटणीत शाळा कोणती? आणि ज्या घरात मारहाण झाली आहे, तिथे अशी वाटणी गृहीत धरणे धोक्याचे. पण दोघेही एकाच शहरात राहतात, दोघेही मुलाचे करतात, अशा घरांसाठी तरी तो पर्याय आजवर कायद्यात आला नाही, याला सबब नाही.