म्हशीचा घसा सुजला? रात्र काढू नका!



कुळगाव-बदलापूर, वांगणी, बारवीच्या बाजूला भातलावणी जोरात आहे. घरची सगळी माणसं शेतात आणि गोठ्याकडे लक्ष कमी. घटसर्प नेमका ह्याच दिवसांत येतो.

सकाळी म्हैस वैरण सोडते, अंग तापतं, तोंडातून लाळ गळते. मग घशाखाली गरम सूज येते, श्वासाला घरघर लागते. "सकाळी बघू" म्हणाल तर सकाळी दावं रिकामं असतं. गाईपेक्षा म्हशीला हा आजार जास्त होतो.

*इंजेक्शन का?*
घटसर्प जिवाणूंमुळे होतो, म्हणून ॲन्टिबायोटिक चालतं. पण लवकर दिलं तरच. श्वास कोंडल्यावर भारी औषधही हात टेकतं. घसा सुजलेल्या जनावराला नळीने, बाटलीने काही पाजू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.

गोठ्यात थर्मामीटर ठेवा. गाई-म्हशीचं ताप नसतानाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की लगेच डॉक्टरांना किंवा *१९६२* ला फोन करा. ताप किती, सूज कुठे, कधीपासून, गाभण आहे का, हे सांगा.

*ह्या चुका टाळा*
▪️ मागच्या वेळची उरलेली बाटली टोचू नका. डोस वजनावर ठरतो. वासराचा आणि म्हशीचा एक नसतो.
▪️ दुसऱ्या दिवशी वैरण खाल्ली म्हणून कोर्स सोडू नका. उरलेले चिवट जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत.
▪️ लम्पी, लाळ्या-खुरकूत हे विषाणूचे आजार. ॲन्टिबायोटिकने विषाणू मरत नाही. जखमेत जंतू शिरले तर द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.
▪️ कोलिस्टिन हे औषध दूध-मांसाच्या जनावरांसाठी सरकारने २०१९ मध्ये बंद केलंय. कुणी दिलं तरी घेऊ नका.

*दुधाचं काय?*
इंजेक्शनचा अंश दुधात उतरतो. उकळून तो जाईलच असं नाही. अशा दुधाचं दहीसुद्धा नीट लागत नाही. किती दिवस दूध द्यायचं नाही ते लेबलवर असतं, डॉक्टरांनाही विचारा. २०१२ च्या नियमाप्रमाणे, औषधाचा कालावधी तपासून ठरलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे.

आठवडाभर दूध ओतायचं म्हणजे खिशाला चटका, हे आम्हालाही कळतं. पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घरांत आपलाच रतीब जातो, आणि तिथली लहान मुलं तेच दूध पितात. म्हणून त्या म्हशीची धार शेवटी काढा, भांडं वेगळं ठेवा. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा: कुठली म्हैस, कुठलं औषध, शेवटचं इंजेक्शन कधी.

जनावर दगावलंच तर नदी-ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा आणि दवाखान्यात कळवा, म्हणजे शेजारची जनावरं वाचतील.

आणि लस? ती पावसाआधीच टोचायची असते. यंदा राहिली असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. लसीची सुई कोर्सपेक्षा केव्हाही स्वस्त.

हा मेसेज शेजारच्या गोठ्यापर्यंत पोचवा. 🙏