शेवटचे विसळणे

नाशिकची वायनरी बघायला आलेला पाहुणा ठरलेल्या गोष्टी बघतो. स्टीलच्या उंच टाक्या, ओकची पिंपे, मग गंगापूर धरणाकडे तोंड करून हातात ग्लास आणि फोटो. बाटल्या भरण्याच्या लाइनपाशी फारसे कोणी रेंगाळत नाही. तिथे नुसता खडखडाट असतो. त्या लाइनीच्या सुरुवातीला एक यंत्र येईल ती बाटली मानेला धरून उलटी करते, आत फवारा मारते, निथळू देते आणि पुढे ढकलते. सगळा काही सेकंदांचा मामला. वर्षभराच्या मेहनतीचे मातेरे होणार की नाही, हे पुष्कळदा याच टप्प्यावर ठरते.

राजीव सामंत यांच्या सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. तेव्हापासून शेनिन ब्लाँ, शिराझ ही नावे दिंडोरी-निफाडच्या बागाईतदारांच्या तोंडी रुळली. बाटली कशी धुवावी यावर मात्र आपल्याकडे कोणी दोन ओळी लिहीत नाही. म्हणून हा लेख. वाइनपेक्षा यात बिअरबद्दल जास्त आहे, कारण बाटलीच्या स्वच्छतेची खरी परीक्षा बिअर घेते.

वाइनला बरीच नैसर्गिक कवचे असतात. तिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते, सामू साडेतीनच्या आसपास, शिवाय थोडा सल्फर डायऑक्साइड. अनेक ठिकाणी ती ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळूनच भरतात. बाटलीही बहुधा कोरी, त्यामुळे फवाऱ्यावर भागते. बिअरमध्ये अल्कोहोल पाचेक टक्के, सामू चार-साडेचार, आणि यीस्टला न पचलेल्या शर्करा भरपूर शिल्लक. कडवट हॉप्स काही जिवाणूंना अडवतात, सगळ्यांना नाही. लॅक्टोबॅसिलस शिरला तर बिअर आंबट होते. पेडिओकॉकस शिरला तर तिला विरघळलेल्या लोण्याचा वास येतो, कधी तार सुटते. हवा मिळाली की अॅसिटोबॅक्टर तिचे सरळ व्हिनेगर करून टाकतो. यातून सहसा कोणी आजारी पडत नाही. विषारी दारूचे बळी मिथेनॉलच्या भेसळीने जातात, तो विषय वेगळा. इथे नुकसान होते ते चवीचे, आणि बाटली फुटली तर डोळ्यांचे. त्याकडे नंतर वळू.

हे जंतूंचे प्रकरण पहिल्यांदा नीट उलगडले लुई पाश्चरने. त्याचा वाइनवरचा ग्रंथ १८६६चा, बिअरवरचा १८७६चा. दूध तापवण्याशी आपण ज्याचे नाव जोडतो, त्याने ती युक्ती आधी वाइनवर वापरली होती. आजही कारखान्यातली बिअर बाटलीत भरून, बूच ठोकून, गरम पाण्याच्या फवाऱ्यांखालून नेतात. ६० अंश सेल्सिअसला एक मिनिट म्हणजे पाश्चरीकरणाचे एक एकक, असा हिशेब असतो.

आपल्याकडच्या बिअरच्या बाटलीचा प्रवासही बघण्यासारखा आहे. ६५० मिलिलिटरची तपकिरी बाटली भंगारवाल्याच्या गोणीतून पुन्हा कारखान्यात जाते. आत सिगारेटचे थोटूक, वाळलेला फेस, कधी रॉकेल. धुण्याच्या यंत्रात ती दोनेक टक्के कॉस्टिक सोड्याच्या ७०-८० अंशांच्या द्रावणात बुडते. लेबल सुटते, घाण सुटते. मग टप्प्याटप्प्याने थंड होत जाणारे पाणी, कारण तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडले की ती तडकते. शेवटी उजेडाच्या पडद्यासमोरून तपासणी. आता हे काम कॅमेरे करतात. पूर्वी तिथे माणूस बसे, आणि डोळे शिणतात म्हणून त्याला थोड्या थोड्या वेळाने उठवावे लागे.

आता घरगुती बिअर. आधी कायद्याचे सांगतो, म्हणजे गैरसमज नको. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. स्वतःपुरती, स्वतःच्या मोरीत केली, ही सबब चालत नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली ती मायक्रोब्रुअरीचा परवाना घेऊन. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरचा परवाना उठला. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ साली कायद्यावर सही केली, तरी सगळ्या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ उजाडले. त्यामुळे नाशिकच्या घराघरातली जी मुले तिकडे आहेत, त्यांतल्या काहींच्या गॅरेजमध्ये आज बिअर मुरत असते, आणि व्हिडिओ कॉलवर आई विचारते, ‘काय रे ते बादलीत?’ पुढची कृती त्यांच्यासाठी आणि इथे सरबत, काकवी, व्हिनेगर, कोंबुचा बाटल्यांत भरणाऱ्या प्रत्येकासाठी.

मूळ मुद्दा असा की धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. रिकामी तपकिरी बाटली ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून आत पाहा. बुडाशी, जिथे काच वळते, तिथे यीस्टचे फिकट कडे दिसेल. मानेच्या आत, फेस जिथवर चढला होता तिथे, दुसरे. बोट पोचत नाही, पाणी खळखळवून निघत नाही. या थराखाली जंतू सुखाने राहतात. वरून कितीही जहाल औषध ओता, ते थरावरच खर्ची पडते. निर्जंतुकीकरण फसले असे जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा धुणेच फसलेले असते.

त्यावर उपाय स्वस्त आहे. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून बाटल्या रात्रभर भिजत ठेवायच्या. सोडियम परकार्बोनेट मिळाले तर आणखी चांगले. सकाळी बाटलीचा ब्रश फिरवायचा. भांड्यांचा सुवासिक साबण नको. त्याचा अंश राहिला तर बिअरचा फेस बसतो आणि लिंबाचा नकली वास येतो तो निराळाच.

मग येते औषध. घरगुती ब्लीच सगळ्यांच्या हाताशी असते आणि जंतू मारतेही, पण ते नीट धुऊन काढावे लागते. राहिलेले क्लोरीन पेयातल्या फिनॉलांशी जुळले की औषधी, दवाखान्यासारखा वास येतो. वाइनच्या लोकांना क्लोरीनचा धसका आणखी एका कारणाने आहे. ओलसर लाकडावर, बुचावर बुरशी आणि क्लोरीनची संयुगे एकत्र आली की ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार होते. कुबट वासाच्या बुचांचे हे कारण स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. म्हणून मोठ्या वायनऱ्यांत पेरासिटिक आम्ल वापरतात. त्याचे शेवटी अॅसेटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होते. आणि एक बजावून ठेवतो: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

घरच्या बिअरवाल्यांची आवडती औषधे दोन. एक फॉस्फरिक आम्लाचे, लिटरला दीड मिलिलिटर, भरपूर फेसाळणारे. दुसरे आयोडोफोर, दहा लाख भागांत साडेबारा भाग, एक-दोन मिनिटे. आयोडोफोर आपल्या दुधाच्या पट्ट्यात नवे नाही. धार काढल्यावर गाईच्या सडांना लावतात ते हेच. जनावरांच्या औषधात मात्र त्वचेसाठी ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, म्हणून ते बाटलीत घालू नये.

आणि आता ज्यावरून घरोघरी वाद होतात ते. औषध घातल्यावर बाटली पुन्हा विसळायची का? आपला हात आपोआप नळाकडे जातो. औषध आत राहिले हे मनाला पटत नाही. पण ही दोन्ही औषधे ठरल्या मात्रेत वापरली तर फक्त निथळू देणे पुरते. उलट नळाखाली विसळली तर काय होते ते बघा. महापालिकेचे पाणी शुद्ध होऊन निघते खरे, पण आपल्या बाटलीत येते ते गच्चीवरच्या टाकीतून. त्या टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. तो जिवाणूंचाच थर. क्लोरीन तिथवर येईतो उडालेले असते. म्हणजे औषधाने कमावलेले शेवटच्या विसळण्यात घालवले. विसळायचेच असेल, ब्लीच वापरल्यावर विसळावेच लागते, तर उकळून झाकून निववलेल्या पाण्याने. आणि औषध कालवायला बोअरचे जड पाणी नको. त्यात फॉस्फरिक आम्लाचे द्रावण गढूळ होते, जोर कमी होतो.

उष्णतेचा मार्ग सगळ्यात भरवशाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे पाणी ९८ अंशांनाच उकळते. प्रेशर कुकरमध्ये ते १२०च्या आसपास जाते. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह म्हणजे तेच, १२१ अंशांना १५ मिनिटे. लहान बाटल्या कुकरमध्ये मावतात. कुकर आपोआप निवेपर्यंत उघडायचा नाही, एवढेच पथ्य.

आजीच्या बरण्या उन्हात ठेवण्याच्या रीतीबद्दल लोक विचारतात. ऊन बाटली वाळवते, आणि लोणच्याला ओल चालत नाही म्हणून ती रीत बरोबरच आहे. पण जंतू मारणारे अतिनील किरण काच बरेचसे अडवते, तपकिरी काच तर जवळजवळ सगळेच. त्याच कारणाने बिअर तपकिरी बाटलीत भरतात. उजेडाने हॉप्सचे घटक मोडून घाण वास सुटतो. बरण्यांना देतात त्या हिंगाच्या धुरीची आठवण युरोपातल्या पिंपांना दिलेल्या गंधकाच्या धुरीशी काढली जाते. हिंगातही गंधकाची संयुगे आहेत, पण म्हणून त्या दोन धुऱ्या एक होत नाहीत. गंधकाच्या धुरीचा आजचा वारस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सरबतात चिमूटभर घालतात ते. वजनाच्या निम्म्याहून अधिक सल्फर डायऑक्साइड त्यातून सुटतो, पण आम्लात. म्हणून बाटली विसळायच्या द्रावणात सायट्रिक आम्ल घालावे. दमेकऱ्याने त्याचा वास घेऊ नये.

राहिला फुटण्याचा धोका. घरची बिअर बाटलीतच फसफसते. लिटरमागे चार ग्रॅम साखर म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड; त्याच्या दीडपट साखर घालून, बिअरमध्ये आधीच विरघळलेला वायू धरून, तो अडीच पटींपर्यंत नेतात. अस्वच्छ बाटलीत रानटी यीस्ट असेल तर ते उरलेल्या शर्कराही खाते आणि दाब ठरल्यापलीकडे चढतो. वर एप्रिल-मेचा उकाडा. शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन बाटलीत फसफसवतात ती सहा वातावरणांचा दाब पेलणाऱ्या जाड काचेत. साधी बाटली तेवढे सोसत नाही. कोंबुचालाही हे लागू आहे. बाटली उघडताना गॅस बंदुकीसारखा सुटला, तर बाकीच्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि गार झाल्यावर एकेक उघडा.

या सगळ्या खटाटोपातली अर्धी मेहनत एका सवयीने वाचते: बाटली रिकामी झाली की त्याच मिनिटाला पाण्याने तीनदा खळखळवून पालथी घाला, कडे वाळूच देऊ नका. या दिवाळीत घरी जी बाटली उघडाल, मग ती कसलीही असो, तिच्यापासून सुरुवात करा. स्वतः वापरणार नसाल तरी भंगारवाल्याला विसळलेलीच द्या.