विजेत्याच्या गाडीत ओझे कशासाठी?

शाळेच्या क्रीडामहोत्सवात तुमचा मित्र शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला आला आणि सरांनी त्याला सांगितले, "शाबास! आता पुढच्या शर्यतीत पाठीला दोन विटा बांधून धाव," तर तुम्हांला काय वाटेल? हा शुद्ध अन्याय आहे, असेच तुम्ही म्हणाल. पण मोटारींच्या एका प्रसिद्ध शर्यतमालिकेत अनेक वर्षे नेमके हेच केले गेले. या ओझ्यामागे काय विज्ञान आहे, ते आज पाहू या.

ही मालिका जर्मनीतील. तिला थोडक्यात डी.टी.एम. म्हणतात. १९८४ साली ती सुरू झाली. पहिली शर्यत मात्र शेजारच्या बेल्जियममधील झोल्डर येथे झाली. रस्त्यावर धावणाऱ्या नेहमीच्या मोटारींवरून तयार केलेल्या गाड्या त्यात भाग घेत. अशा गाड्यांना टूरिंग कार म्हणतात. लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठी बनवलेल्या गाड्या त्या ग्रँड टूरिंग. २०२१ पासून डी.टी.एम.मध्ये या दुसऱ्या प्रकारच्या गाड्या धावू लागल्या. त्याच वर्षी बंगळूरचा अर्जुन मैनी या मालिकेत उतरणारा पहिला भारतीय ठरला.

आता अडचण पाहा. एका कंपनीची गाडी जड पण ताकदवान, दुसरीची हलकी पण लहान इंजिनाची. कुणाचे इंजिन पुढे, कुणाचे मध्ये, तर कुणाचे मागे. अशा गाड्या एकत्र सोडल्या तर कौशल्य चालकाचे की कारखान्याचे, हे कसे ठरवायचे? यावर एक उपाय म्हणजे वजन. जी गाडी जिंकेल तिच्यात पुढच्या शर्यतीसाठी धातूच्या जड पट्ट्या बसवायच्या. घोड्यांच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात, तोच हा प्रकार.

वजनाने काय बिघडते?

समजा, चालकासह गाडीचे वस्तुमान १३०० किलोग्रॅम आहे आणि तिच्यात २५ किलोग्रॅम भर घातली. म्हणजे सिमेंटचे अर्धे पोते. एवढ्याशा भराने काय होणार?

न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल तेवढेच राहून वस्तुमान वाढले तर त्वरण कमी होते. येथे ते सुमारे दोन टक्क्यांनी घटेल. सायकलवर मित्राला डबलसीट घेतले की पेडल मारताना जो अनुभव येतो, तोच हा.

आता ब्रेकचा विचार करू. गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५.६ मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे २० लाख ज्यूल होते. वळणापूर्वी चालकाने वेग निम्मा केला, तर ऊर्जा निम्मी होत नाही. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे चौथा हिस्साच उरते. उरलेल्या सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जेची मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होते. एवढ्या उष्णतेने पावणेपाच लिटर पाणी २५ अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापेल! आणि हे सारे काही सेकंदांत. २५ किलोग्रॅमच्या भरामुळे त्यात दर वेळी आणखी सुमारे २९ हजार ज्यूलची भर पडते. शर्यतभर शेकडो वेळा ब्रेक लावायचा असतो, हे ध्यानात घ्या.

मग सूत्र चुकले का?

तुमच्यापैकी एखादा चिकित्सक विद्यार्थी येथे हात वर करील. तो म्हणेल, "सर, वळणावर गाडीला लागणारे अभिकेंद्री बल टायरच्या घर्षणातून मिळते. वस्तुमान वाढले तर जास्त बल लागते, पण वजन वाढल्यामुळे घर्षणही तेवढ्याच प्रमाणात वाढते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान उडून जाते. मग जड गाडी वळणावर मागे का पडावी?"

शंका अगदी रास्त आहे. पाठ्यपुस्तकातील सूत्रात घर्षणांक स्थिर धरलेला असतो. लाकडाच्या ठोकळ्यासाठी ते बहुतांशी चालते. रबराचे तसे नाही. टायरचे मऊ रबर भाराखाली दबून रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागाशी घट्ट भिडलेले असते. भार वाढवला की प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते खरे, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून भार वाढला की टायरचा घर्षणांक थोडा घटतो.

दुसरे कारण हवेचे. शर्यतीच्या गाडीला मागे उलट्या पंखासारखा भाग असतो. वाऱ्यामुळे तो गाडीला खाली दाबतो व टायरची पकड वाढवतो. हा दाब गाडीच्या वेगावर अवलंबून असतो, वस्तुमानावर नाही. साहजिकच हलक्या गाडीला त्याचा लाभ अधिक मिळतो.

या सर्वांमुळे जड गाडी एका फेरीत सेकंदाचा दहावा भाग जरी मागे पडली, तरी ताशी २०० किलोमीटर वेगाला ते अंतर साडेपाच मीटर भरते. म्हणजे एका गाडीच्या लांबीहून जास्त! शिवाय जादा भाराने टायरही लवकर झिजतात.

न्याय की शिक्षा?

ही पद्धत सर्वांनाच पटली असे नाही. मेहनतीने चांगली गाडी बनवणाऱ्याला शिक्षा का, असा आक्षेप होता. २०१७ मध्ये तर हंगाम चालू असतानाच हे वजन रद्द करण्यात आले. २०२१ मध्ये नव्या गाड्यांबरोबर विजेत्यावरचे ओझे पुन्हा आले.

उलट बाजूही पाहायला हवी. १९९० नंतरच्या काही वर्षांत गाड्यांत महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. खर्च इतका वाढला, की दोन मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतले आणि १९९६ नंतर मालिकाच बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला २००० साल उजाडावे लागले. स्पर्धकच उरले नाहीत, तर जिंकायचे कुणाशी?

एक छोटा प्रयोग तुम्हांला करता येईल. लाकडी खोक्याच्या तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. खोके फळीवर ठेवून स्प्रिंगच्या तराजूने ओढा आणि ते हलू लागताना किती बल लागते ते लिहून घ्या. खोक्यात एक, दोन, तीन किलोग्रॅम अशी वजने वाढवत जा. दर वेळी लागलेल्या बलाला खोक्यासह एकूण वजनाने भागा. भागाकार सारखाच येतो, की हळूहळू कमी होतो? आलेख काढून सरांना दाखवा. आणि विजेत्यावर ओझे लादणे योग्य की अयोग्य, यावर वर्गात एक वादविवादही ठेवा. त्याचे उत्तर मात्र कोणत्याही सूत्रातून मिळणार नाही.