धुराड्याची ओढ

चूल धुपू लागली की आपण प्रथम लाकडाला दोष देतो, मग चुलीला. धुराड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आमच्या मते खोड पुष्कळदा तेथेच असते.

अकलूजकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत धुरासाठी साणे असे, म्हणजे छताला ठेवलेले भोक. भोक धुराला वाट देते. धुराडे त्याला ओढून नेते. ही ओढ येते कोठून? तापलेली हवा हलकी असते. बाहेर ३० अंश सेल्सिअस व नळात १५० अंश उष्णता असेल, तर बाहेरची एक घनमीटर हवा सुमारे ११६५ ग्रॅम भरते आणि नळातली ८३५ ग्रॅम. जड हवा चुलीच्या तोंडातून आत शिरते आणि हलकीला वर ढकलते. तीन मीटर उंच नळात हा जोर किती? पाण्याच्या अवघ्या एका मिलिमीटर थराएवढा! एवढ्याशा बळावर सारा कारभार. मग नळाचे एक वाकण, काजळीचा थर किंवा वाऱ्याची उलटी झुळूक त्याला सहज भारी पडते. म्हणून नळ सरळ असावा आणि त्याचे तोंड छपराच्या आढ्याहून दोनएक फूट वर निघावे.

उंची दुप्पट केली की जोर दुप्पट होतो. वाहणारी हवा मात्र फार तर १.४ पट वाढते, आणि तीही नळ शेंड्यापर्यंत गरम राहिला तर. पातळ पत्र्याचा नळ भिंतीबाहेरून नेला, की पहाटेच्या गारठ्यात धूर वाटेतच निवतो, जड होतो आणि ओल्या सरपणाची वाफ आत डांबरासारखी चिकटते. भाजक्या मातीचा नळ ऊब धरतो. सिमेंट-ॲस्बेस्टॉसचा नळ कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा तो नकोच. तीन इंचांऐवजी चार इंची नळ घेतला, तर धुराची वाट पावणेदोन पटींहून रुंद होते. नेमकी याच एका इंचात आपण काटकसर करतो!

पण ओढ फाजील झाली तरी पंचाईत. गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाड भडाभडा जळते, त्याला पुष्कळ हवा लागते. तेथे विटांचे उंच धुराडे शोभते. घरच्या चुलीला तसे लावले, तर भाकरीची आच आभाळाला जाते. यावर जुन्या तांब्याच्या बंबाची युक्ती पाहावी: त्याचे धुराडेच पाण्याच्या पोटातून जाते, त्यामुळे धुरातली उष्णता पाणी घेते. पाणी गार असेतो बंब धुपतो, याचेही कारण हेच.

वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल झाली. सरकारची सुधारित चुलींची देशव्यापी योजनाही झाली, ती २००२ साली संपली. या चुलींत बेत चांगला होता, परंतु नळ गंजला किंवा तुंबला की धूर पुन्हा घरात, स्वयंपाक करणारीच्या छातीत. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी अजून कित्येक घरी लाकडावरच तापते. तेव्हा चूल पेटवण्यापूर्वी नळाच्या बुडाशी कागदाचा एक बोळा जाळावा. ज्वाला नळाकडे झुकली, तर ओढ आहे. स्वयंपाकघराकडे वळली, तर सरपण घालण्याआधी नळ झाडावा.