चारच्या आधी

साताऱ्यात मोती चौकापासून जवळच, एका बोळाच्या तोंडाशी सुभेदारांचं दुकान होतं. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. पाटीवरचा 'टीव्ही' हा शब्द पांढऱ्या रंगाने पुसलेला आणि खाली पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं : 'रेडिओ व अॅम्प्लिफायर दुरुस्ती. रिचार्ज मिळणार नाही. युद्धाविषयी बोलणे दुपारी ४ नंतर.'

त्या शेवटच्या ओळीमुळे मी आत गेलो. सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांना तोटा नाही, पण युद्धाच्या आठवणी कामाच्या वेळेबाहेर ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता. सकाळचे अकरा वाजले होते. "चारनंतर या," मान वर न करता ते म्हणाले. मी म्हटलं, मला कामच बघायचंय. त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

बोळात त्यांना कोणी मेजर म्हणे, कोणी फौजी. निवृत्त झाले ते नायब सुभेदार म्हणून, त्यामुळे मी सुभेदारच म्हणत आलो.

टेबलावर मर्फीचा जुना रेडिओ होता, ठाण्याच्या कारखान्यातला. कोणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेला. असा संच थेट प्लगला लावायचा नसतो. आतले कंडेन्सर सुकलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळून जायचा. सुभेदारांनी तो शंभर वॉटच्या बल्बबरोबर सिरीजमध्ये जोडला. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. बल्ब मंदावला. मग मागची फळी निघाली, स्क्रू ड्रायव्हर आत गेला आणि त्यांचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे व्होल्ट खेळत असतात. दोन्ही हात आत असताना धक्का बसला, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. "एक हात कामाला, एक विश्राममध्ये," ते म्हणाले. "बडोद्याच्या फौजी शाळेत सर्किट नंतर शिकवलं, हे आधी."

दोष शोधायचा तो स्पीकरकडून एरियलकडे, एकेक टप्पा मागे जात. स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याला बोट टेकवून टोक व्हॉल्व्हच्या ग्रिडला लावायचं. स्पीकर घुरघुरला, तर तिथपासून स्पीकरपर्यंत सगळं ठीक. जिथे घुरघुर बंद पडते, तिथे रोग. एक कंडेन्सर निघाला, दुसरा बसला. सोल्डरमधली राळ जळाल्याचा वास दुकानात भरून राहिला. तो इतका मुरलेला होता की घरी गेल्यावर मला विचारलं गेलं, कुठल्या देवळात जाऊन आलास?

रेडिओ बोलू लागला, पण सुभेदारांचं समाधान झालं नव्हतं. "अजून ४५५ जुळवायचंय."

हा आकडा त्यांच्या तोंडून नंतर इतक्या वेळा ऐकला, की तो मला त्यांचा पत्ता वाटायला लागला. अशा रेडिओवर कुठलंही स्टेशन लावा, आत त्याचं एकाच फ्रिक्वेन्सीत रूपांतर होतं : ४५५ किलोहर्ट्‌झ. "पुणे असो, सांगली असो, सिलोन असो, सगळ्यांनी ४५५ होऊनच आत यायचं," ते म्हणत. त्यासाठी रेडिओ स्वतःची एक लहर तयार करतो, लावलेल्या स्टेशनपेक्षा ४५५ने वरची. ही लहर आतच राहायला हवी, पण थोडी बाहेर झिरपते.

"पुणे ७९२वर. त्यात ४५५ मिळवा."

"१२४७."

"सांगली १२५१वर. फरक किती? चार. आता ऐका."

त्यांनी एका ट्रान्झिस्टरवर सांगली लावलं, दुसऱ्यावर पुणे, आणि दुसरा पहिल्याला चिकटवला. सांगलीवरच्या भावगीतातून एक बारीक, टोचणारी शिट्टी निघाली. पुण्याचं बटण केसभर फिरवलं की ती जाड होत होत विरायची. उलट फिरवलं की पुन्हा वर चढायची. सुभेदार रेडिओकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"येतेय ना ऐकू? मला नाही येत."

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख त्यांनी ड्रॉवरमधून काढून दाखवला. रेषा सरळ येत येत ४००० हर्ट्‌झपाशी एकदम खाली गेली होती. तोफांच्या आवाजाने कान जातो, तो बहुतेक वेळा तिथूनच जायला लागतो. बोलणं ऐकू येतं, बारीक आवाज हरवतात. ती शिट्टी नेमकी चार हजारांची! जी त्यांना कधीच ऐकू येणार नव्हती, ती ते गिऱ्हाइकांच्या पोरांना ऐकवत आणि पोरांचं तोंड वाकडं झालं की खूश होत. मीटरच्या काट्यावर त्यांचं काम अडत नव्हतंच. पण काट्यापेक्षा माणसाचं तोंड त्यांना जास्त आवडायचं. मी त्या दुकानात परत परत गेलो तो त्या शिट्टीसाठी.

"ऐकणारा संचसुद्धा बोलत असतो," ते म्हणाले. "थोडंसंच. पण शत्रू जवळ असला तर थोडंसंही पुरतं." हल्ल्याआधी वायरलेसवर बोलायला बंदी असते, नुसतं ऐकायचं. नुसतं ऐकण्यानेही आपण कुठे आहोत हे फुटू शकतं, याची धास्ती त्यांनी अशी दोन ट्रान्झिस्टर चिकटवून दाखवली. घड्याळात साडेबारा वाजले होते. चार वाजायला पुष्कळ अवकाश होता, तरी युद्धाची गोष्ट सुरू झालेली होती.

त्यांचा जन्म १९४३चा. लष्कराची यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या ईएमई कोअरची स्थापनाही त्याच वर्षीची, १५ ऑक्टोबरची. "कोअर आणि मी एका वयाचे," असं ते अभिमानाने सांगत. १९६२च्या पराभवानंतर सैन्य वाढवायला घेतलं, त्या लाटेत ते १९६३ साली भरती झाले. सिकंदराबाद, मग बडोद्याची ईएमईची शाळा, मग नेमणुका. १९८७ साली घरी आले, तेव्हा रविवारी सकाळी 'रामायण' लागत होतं आणि टीव्ही बंद पडला की अख्खी आळी दुकानावर चालून यायची. पिक्चर ट्यूब आणि ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या जोरावर त्यांनी दोन मुलांची शिक्षणं केली. पुढे चपटे टीव्ही आले. त्यात बिघडलेला बोर्ड काढायचा आणि नवा बसवायचा. "ही दुरुस्ती नव्हे, खरेदी आहे," म्हणत त्यांनी पाटीवरचा शब्द स्वतःच्या हाताने पुसला. मला हा हेकटपणा वाटला नाही. कमाई बुडत असताना असा शब्द पुसायला हिंमत लागते.

चारनंतर चहा यायचा आणि पाटीवरचं कलम लागू व्हायचं. १६ डिसेंबरचा विजय दिवस जवळ आला की शाळेची मुलं येत. प्रश्न ठरलेला : आजोबा, तुम्ही किती रणगाडे फोडले? "एकही नाही. मुके होते ते बोलते केले." मुलं हिरमुसायची.

१९७१च्या डिसेंबरात ते शकरगड भागात एका रणगाडा रेजिमेंटबरोबरच्या एलएडीत, म्हणजे दुरुस्तीच्या लहान तुकडीत होते. रणगाड्यातला वायरलेस संच सहसा बिघडत नाही, त्यांचं म्हणणं. हेडसेटची वायर तुटते, बोलताना दाबायचा प्रेसल स्विच चिखलाने अडकतो, एरियलचं बूड फांदीला आपटून ढिलं होतं. म्हणजे दोष बहुतेक वेळा माणसाचा हात लागतो तिथेच. रात्री ताडपत्रीखाली, बॅटरीच्या काचेवर कागद चिकटवून, थंडीने वाकत नसलेल्या बोटांनी ते हेच करत होते.

त्याच आघाडीवर, १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. वय २१, जन्म पुण्याचा. रणगाडा पेटला होता, तो सोडून मागे येण्याचा हुकूम वायरलेसवर आला. त्यांनी नकार दिला, संच बंद केला आणि लढत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सुभेदार दुसऱ्या रेजिमेंटबरोबर होते. ही हकीकत त्यांनीही चारचौघांसारखी मागाहून ऐकली. पण ऐकली ती मेकॅनिकच्या कानांनी.

"संच बंद केला म्हणतात ना? म्हणजे तोवर तो चालू होता. गोळे लागलेत, आग लागलीय, आणि संच चालू. तो कोणी तरी चालू ठेवला होता की नाही?"

शौर्य खेत्रपालांचंच, यात त्यांना शंका नव्हती. मलाही नाही. पण तो नकार पलीकडे पोचला म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे, आणि तो पोचवणाऱ्या तारेला डाग देणाऱ्याचं नाव कुठल्याही धड्यात नाही. आपण युद्ध आठवतो ते चारनंतरचं. सुभेदारांनी जन्मभर केलं ते चारच्या आधीचं.

ऐंशी ओलांडल्यावर ते गेले. शोकसभेत त्यांना युद्धवीर म्हणाले, रणधुरंधर म्हणाले. एका वक्त्याने तर त्यांच्या हातात तोफ दिली. दुकानाचं नाव कोणी काढलं नाही. आभार मानायला माणूस उठला, तेवढ्यात यादोगोपाळ पेठेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. "माजा रेडिओ त्यांच्याकडं हाय. झाला आसंल का?"

सभा चुळबुळली. सुभेदारांची मुलगी मात्र लगेच उठली, दुकान उघडून रेडिओ घेऊन आली. मुठीला चिठ्ठी बांधलेली होती : 'फिल्टर कंडेन्सर बदलला. ४५५ जुळवले. पुणे, सांगली स्वच्छ. रु. १२०.' आजींनी चष्मा लावून ती वाचली आणि बटव्यातून पैसे मोजून काढले. मुलगी नको नको म्हणत होती.

"काम केलंया त्यांनी," आजी म्हणाल्या आणि नोटा तिच्या हातात कोंबल्या.