थांबलेल्या काळाचें पठार

सर आर्थर कॉनन डॉयल यांचें नांव निघालें कीं वाचकांस शेरलॉक होम्सचीच आठवण होते. परंतु त्यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही १९१२ सालची अद्भुतरम्य कादंबरीहि पुन्हां उघडून पाहण्याजोगी आहे. प्रोफेसर चॅलेंजर हा तापट शास्त्रज्ञ तिघां सोबत्यांसह दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत शिरतो. तेथें उभ्या कड्यांनीं वेढलेल्या एका पठारावर, इतरत्र कोट्यवधि वर्षांपूर्वीं नष्ट झालेले प्राणी त्यांस जिवंत आढळतात. जगाशीं संबंध तुटल्यामुळें तेथें काळ जणूं थांबला आहे, ही कथेची मूळ कल्पना होय.

असे डोंगर खरोखरच आहेत. व्हेनेझुएला, ब्राझील व गयाना यांच्या सीमेवरील रोराइमा हा त्यांपैकीं एक. त्याचे कडे सुमारें १,३०० फूट उंच आहेत. १८८४ सालीं एव्हरार्ड इम थर्न व हॅरी पर्किन्स त्याच्या माथ्यावर पोहोंचले. पुढें संशोधकांस तेथें राक्षसी सरडे मिळाले नाहींत; मिळाला तो इंचभर लांबीचा एक काळा बेडूक. त्याला उडी मारतां येत नाहीं. खडकांवरून तो सावकाश चालत जातो. एकांतांत काळ थांबत नाहीं, तो निराळी वाट धरतो, हेंच हा चिमुकला जीव सांगतो. शिवाय, मोठ्या हिंस्र प्राण्यांचा वंश टिकण्यास विस्तीर्ण प्रदेश लागतो. तो एका पठारावर कोठून मिळणार?

ही चूक प्राण्यांपुरती असती तर ती केवळ गमतीची ठरली असती. परंतु त्या पठारावर वानरमानवहि आहेत. ते क्रूर आहेत, कैद्यांस कड्यावरून लोटतात, हें खरें. तथापि पाहुण्यांच्या बंदुकांच्या बळावर त्यांचा निःपात होतो, त्यांच्या स्त्रिया व मुलें गुलाम होतात, आणि चॅलेंजर यांत मानवजातीचा विजय पाहतो. एखाद्यास ‘मागें राहिलेला’ ठरविलें कीं त्याचा नाशहि प्रगति वाटूं लागतो. साम्राज्यांच्या त्या काळीं हा विचार कादंबरीपुरता नव्हता. ज्या डॉयल यांनीं १९०९ सालीं काँगोंतील अत्याचारांविरुद्ध पुस्तक लिहिलें, त्यांच्याच लेखणींतून हें प्रकरण उतरावें, याचा खेद वाटतो.

म्हणून पुस्तक दूर ठेवण्याचें कारण नाहीं. लंडनच्या भरसभेंत चॅलेंजर पेटी उघडतो आणि पुराणकालीन उडता सरडा श्रोत्यांच्या डोक्यांवरून घिरट्या घालूं लागतो, तो प्रसंग मुलांनीं अवश्य वाचावा. त्या लढाईच्या प्रकरणाशीं मात्र वडीलधाऱ्यांनीं क्षणभर थांबावें आणि मुलांस विचारावें, “हा विजय कोणाचा?”